पाचवी बाटली

माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण मी स्वतः कुणावर ठेवत नाही. पण हे घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. चोवीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसले होते, आता जमेना.

१९९८ सालचा जानेवारी. रमजानचा महिना. इजिप्तमधलं आमचं दमियत्ता शहर.

वेळ... सूर्य बुडायची. रोजा सोडायची, इफ्तारची तोफ व्हायच्या आधीची दहा मिनिटं.

मी नग्वा. शिलाईकाम करते, लग्न केलं नाही. माझा मेहुणा रिफअत म्हणायचा, "हिला बंदरावर जकातीला बसवा. रिकाम्या पेटीतूनसुद्धा चोरीचा माल काढेल." म्हणू दे. माझं नाक कधी चुकलेलं नाही.

माझी धाकटी बहीण सुहैर, रिफअतची बायको. नऊ वर्षांनी तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यातच ती बाळंत झाली. मुलगा. वजन अकराशे पन्नास ग्रॅम. मनगटापासून कोपरापर्यंत मावेल एवढा जीव. इस्पितळात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. वर कार्ड लावलं, 'सुहैरचा मुलगा.' तिथे बाळं आईच्या नावानेच ओळखतात.

सुहैर तापाने घरी अंथरुणावर. तिचं दूध थर्मासमध्ये घालून रोज मी न्यायचे.

ते पुरेना, आणि वरचं पावडरचं दूध त्याला सोसेना. पोट फुगायचं, हिरवं उलटायचं. दहाव्या दिवशी वजन नऊशे सत्तर.

डॉक्टर मला म्हणाले, "सध्या सलाईनवर ठेवतो. रोज संध्याकाळी चमचाभर आईचं दूध देऊन बघू. पचलं तर पोरगा तुमचा. पुन्हा पावडर द्यायची वेळ आली, तर मला काही विचारू नका."

आणि दुसऱ्याच दिवशी सुहैरचं दूध आटलं. थेंब येईना. रडली, रडली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी रिकामा थर्मास घेऊन इस्पितळात गेले. काय सांगणार होते, देव जाणे.

नर्स इनायात म्हणाली, "अहो, आत्ताच तर पाजलं. नाकातल्या नळीने. फ्रिजमध्ये बाटली होती ना तुमची."

मी आदल्या दिवशी बाटली ठेवलीच नव्हती.

बाटली बघितली. छोटी, काचेची. वर चिठ्ठी, 'सुहैरचा मुलगा.' अक्षर माझं नव्हतं.

बाटली हातात घेतली... आणि कोमट लागली. फ्रिजमधली बाटली.

दुसऱ्या दिवशी तेच. बाटली हजर, पोराचं पोट मऊ. वजन हजार.

चमचाभर दुधावर तीस ग्रॅम?

मी इनायातला कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग. कुणाचं दूध पाजतेस माझ्या भाच्याला? स्वतःचं?"

"माझी धाकटी आठ वर्षांची आहे बाई. माझ्या अंगात आता दूध कुठलं? पोरगा सुधारतोय तर शुक्र माना. उगाच शंका काढू नका."

कशी काढू नको? आमच्यात एका बाईने परक्या बाळाला पाच वेळा पोटभर पाजलं की ती त्याची दूधआई. तिची लेकरं त्याची सख्खी भावंडं. पुढे त्यांच्यात लग्न हराम. चमचाभर म्हणजे त्याचं पोट भरलंच की. आणि बाई कोण, हेच माहीत नाही.

दोन वेळा पाजून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मी लवकर गेले. फ्रिज उघडून पाहिला. रिकामा. त्याच्यासमोरच स्टूल टाकून बसले. इनायात आणि दुसरी नर्स शेजारच्या खोलीत ताटं मांडायला गेल्या. खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. तोफेच्या आधी गाव गप्प होतं, तसं.

शेजारच्या पेटीत एक मुलगी होती. सतत किरकिरायची.

तोफ झाली.

आणि ती किरकिर... थांबली.

मग वास आला. मेथीच्या काढ्याचा. बाळंतिणीला दूध उतरावं म्हणून आम्ही देतो ना, तोच.

पलीकडच्या खोलीतून मसुराच्या साराचा वास येत होता, तो वेगळा. हा माझ्या मागून येत होता.

मागे वळायची माझी छाती झाली नाही.

दोन्ही पेट्यांतली पोरं एकाच वेळी ओठ हलवत होती. चुटूक... चुटूक... पोटाशी घेतल्यासारखी.

वास गेला तेव्हा मी फ्रिज उघडला. फ्रिजपुढून मी हलले नव्हते, शपथेवर सांगते.

बाटली होती. कोमट.

इनायात तोंड पुसत आली आणि तिने पाजली. मला थांबवायचं होतं. जीभच उचलेना.

चौथ्या दिवशी पावसात बस अडकली. पोचेपर्यंत पाजून झालं होतं. वजन हजार सत्तर. मी शेजारच्या पेटीवरचं कार्ड वाचलं, 'अफ्कारची मुलगी.'

"हिची आई दिसली नाही कधी," मी म्हटलं.

इनायातने आवाज उतरवला. "कशी दिसेल? पोरगी बाहेर आली आणि तासाभरात ती गेली. इज़्बत अल-बुर्ज गावची. नवरा मासे धरतो. तो बघा, काचेबाहेर उभा असतो बिचारा. आत यायला घाबरतो."

घरी जाऊन रात्रभर बोटं मोजत बसले. चार. अजून एक राहिली होती.

पाचव्या दिवशी ठरवूनच गेले. आज बाटली मोरीत.

तोफ झाली, मेथीचा वास आला आणि गेला. मी फ्रिज उघडला, बाटली उचलली, नळापाशी गेले, बूच काढलं.

"अहो, आहे का दूध?" मागून इनायात. "डॉक्टर विचारतायत. नाहीतर पावडर देऊन बघू म्हणतात आज."

मी पेटीकडे पाहिलं. आदल्या आठवड्यात तो निळा पडला होता. आज गुलाबी होता. मूठ आवळून झोपला होता, रिफअतसारखा.

मला कळत होतं मी काय करतेय. कुणी फसवलं नाही मला.

मी बूच लावलं आणि बाटली इनायातच्या हातात दिली.

"माझ्या बहिणीचं आहे," मी म्हटलं.

नळीतून दूध गेलं. तेवढ्यात माझ्या कानाजवळ कुणीतरी... सुस्कारा सोडला. दमलेली बाई काम उरकून खाली बसते, तसा.

त्यानंतर बाटली कधी आली नाही. गरजच पडली नाही. सहाव्या दिवसापासून त्याला पावडरचं दूध सोसायला लागलं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. अडतिसाव्या दिवशी दोन किलोचा होऊन घरी आला. नाव ठेवलं नादिर. तुझंच साठवलेलं दूध फ्रिजमध्ये होतं, असं मी सुहैरला सांगून ठेवलं होतं. ती आजही चारचौघांत सांगते, "माझ्या दुधावर वाचला." मी मान हलवते.

ती मुलगीही वाचली म्हणे. मी चौकशी केली नाही. मुद्दामच.

गेल्या रविवारी नादिर एका मुलीला घरी घेऊन आला. नाव नदा. शाळेत शिकवते. डोळ्यांत पाणी येईल इतकी गोड पोरगी. येत्या शुक्रवारी फातिहा वाचून लग्न पक्कं करायचं ठरलंय.

"नग्वामावशी, आता घे हिची उलटतपासणी," नादिर हसत म्हणाला. "केल्याशिवाय तुला जेवण जाणार नाही."

मी विचारलं, "कुठली गं तू?"

"इज़्बत अल-बुर्जची, मावशी. वडील मासेमार आहेत."

मी हातातला कप खाली ठेवला.

"आणि आई?"

"मी झाले त्याच दिवशी गेली. अफ्कार नाव होतं. मी पण सातव्याच महिन्यातली. ह्याच्याच इस्पितळात, काचेच्या पेटीत वाढले."

सुहैरने आनंदाने टाळी वाजवली. "बघ ताई, तिथेच गाठ बांधली होती ह्यांची."

बाहेर सूर्यास्ताची, मगरिबची अजान सुरू झाली.

नादिर आणि नदा... दोघांनी एकदम माझ्या मागे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराकडे. का पाहिलं, ते त्यांनाही कळलं नसावं. लगेच पुन्हा बोलायला लागले.

सुहैर नाक वर करून म्हणाली, "ताई, गॅसवर मेथी ठेवलीयस का गं?"

गॅस बंद होता. घरात मेथीचा दाणा नाही.

"हो," मी म्हटलं.

आज मंगळवार आहे. तुम्हाला सांगितलं. सुहैरला अजून सांगितलेलं नाही.