छत्तीस की तेहतीस?

एकाच बाळाची दोन वयं कशी असतील? शलाका पडद्याकडे पाहत राहिली. मालवणपासून दूर, समुद्रावर तरंगणाऱ्या मत्स्यशेतीच्या वस्तीत तिच्या आईला दुपारपासून कळा येत होत्या. आणि दवाखान्यातला यंत्रमानव सांगत होता, "आजचं माप छत्तीस आठवड्यांचं. वय मात्र तेहतीस."

एका पायावर उभा राहतो म्हणून मुलं त्याला बगळोबा म्हणत. त्याने नुकतीच आईची सोनोग्राफी (कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी शरीराच्या आतलं चित्र काढण्याची पद्धत) केली होती.

"छत्तीस म्हणजे बाळ तयारच झालं की," बाबा म्हणाले. "इथंच होऊ दे बाळंतपण. अशा लाटांत हिला बोटीत घालू?"

"तेहतीसच्या बाळाची फुप्फुसं कच्ची असतात," बगळोबा म्हणाला. "इथे त्याला लागणारं श्वासाचं यंत्र नाही. आणि वारा असाच वाढला, तर तासाभराने बोट निघणारच नाही."

आईने शलाकाचा हात धरला. तिचा तळवा घामाने ओला होता.

"पण दोन वयं का?" शलाकाने विचारलं.

"पहिल्या तपासणीत बाळ बोराएवढं होतं. तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली. त्या हिशेबाने आज तेहतीस. आज डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजलं, तर आकार छत्तीसचा."

"मग आजचंच खरं. ताजं आहे," बाबा पुटपुटले.

शलाका विचारात पडली. "बाबा, आपल्या जाळीच्या पिंजऱ्यातले जिताडे मासे एकाच दिवशी अंड्यातून निघाले ना? पिल्लं होती तेव्हा सगळे सारखे. आता एक हातभर, एक वीतभर. नुसता मासा मोजून वय सांगाल?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

"तसंच आहे," बगळोबा म्हणाला. "सुरुवातीला सगळी बाळं जवळजवळ एकाच वेगाने वाढतात. तेव्हाच्या लांबीवरून वय काढलं, तर थोड्याच दिवसांचा फरक पडतो. पुढे प्रत्येकाची चाल वेगळी. आईच्या रक्तातली साखर वाढलीय, त्यामुळे हे बाळ गुबगुबीत झालं असावं. नंतरचं माप वाढ कशी होतेय ते सांगतं. आधी ठरलेलं वय त्याने बदलत नाही."

बाबांनी खुंटीवरचा रेनकोट ओढला. "बोट काढतो."

निघण्यापूर्वी बगळोबाने आईला बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला मदत करणारं इंजेक्शन दिलं. बोट लाटेवर चढायची आणि धाडकन खाली यायची. आई डोळे मिटून कळ सोसत होती. अखेर धुरकट किनाऱ्यावर रुग्णालयाचा दिवा दिसला.

शलाका आईच्या पोटाजवळ वाकली.

"तू मोठं दिसतंस, पण अजून लहान आहेस," ती हळूच म्हणाली. "आम्हाला कळलंय ते. घाई करू नकोस."