फळ्यावरचं तपकिरी पाकीट

"उद्या पहिल्या फेरीला आपण सगळ्यात पुढे बसायचं. अगदी टोकाला, दोरखंडापाशी," टिटवीने जाहीर केलं.

"तिथे पाणी उडतं," गोटी म्हणाली.

"म्हणून तर."

"आणि माझा डबा भिजला म्हणजे?" हा बोका. याच्या सगळ्या काळज्या डब्यापासून सुरू होऊन डब्यापाशीच संपायच्या.

टिटवी सुट्टीला मावशीकडे आली होती. एकदा प्रश्न विचारायला लागली की थांबत नाही, म्हणून ती टिटवी. बोका आणि गोटी ही मावशीची मुलं. आणि मावशी? मावशी खाडीवर लाँच चालवायची. अकरा वर्षं तिने खाडीच्या वरच्या टोकाला लहान लाँच हाकली होती. तीन आठवड्यांपूर्वी तिची बदली या मोठ्या धक्क्यावर झाली, आणि उद्या सकाळी सातला ती पहिल्यांदाच दुमजली लाँचच्या चाकापाशी उभी राहणार होती. ते चाक टिटवीने काल पाहिलं होतं. तिच्या छातीएवढं उंच, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. ते पाहताना तिने नकळत हात जोडले होते, देवळात घंटेखाली उभं राहिल्यावर जोडतात तसे.

दार उघडलं आणि मावशी आत आली. पँटचे दोन्ही खिसे उलटे बाहेर लोंबत होते.

"माझं पाकीट पाहिलंत का रे कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. गाद्या उलटल्या, चपलांचं कपाट उपसलं, बोक्याने फ्रिजसुद्धा उघडून पाहिला आणि बराच वेळ उघडाच ठेवला.

"फ्रिजमध्ये पाकीट?" गोटीने विचारलं.

"शोधताना सगळीकडे बघायचं असतं," बोका भरल्या तोंडाने म्हणाला.

मावशी मात्र खुर्चीवर बसून राहिली. "परवाना त्यातच आहे," ती हळूच म्हणाली. "उद्या पावणेसातला तपासनीस येणार. परवाना हातात दिसल्याशिवाय तो कुणाला चाकाला हात लावू देत नाही. मग माझ्या जागी दुसरा कुणीतरी उभा राहील. आणि एकदा दुसरा उभा राहिला, की मला पुन्हा कधी बोलावतील कोण जाणे."

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, नमस्कार," गोड, मऊ आवाज आला. त्याने मावशीचं पूर्ण नाव घेतलं. "तुमचं पाकीट सापडलंय. माझ्या हातातच आहे बघा. तपकिरी पाकीट. आत लाँच चालवायचा परवाना आहे." मग त्याने परवान्याचा क्रमांक वाचला, मावशीची जन्मतारीख वाचली, घराचा पत्ताही वाचला.

मावशीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "देवासारखे भेटलात हो, भाऊ."

"छे छे, माणसाने माणसाच्या उपयोगी पडायचं. फक्त तुम्हीच मालकीण आहात ना, एवढी खात्री करायची आहे. तुमच्या फोनवर आत्ता एक ओटीपी येईल, तेवढा सांगा."

टिंग. मेसेज आला. मावशी चष्मा शोधायला लागली.

टिटवीच्या कपाळावर मात्र आठी पडली. तपकिरी? मावशीचं पाकीट तिने रोज पाहिलं होतं. शेवाळासारखं गर्द हिरवं. तिने पटकन मावशीच्या हातावर हात ठेवला आणि फोनपाशी तोंड नेलं.

"काका, एकच विचारते हं. त्या पाकिटाचं बटण पितळेचं आहे का हो, की पांढरं?"

"पांढरं आहे, बाळ."

"त्या पाकिटाला बटणच नाहीये," टिटवी म्हणाली. "चेन आहे."

खट्. फोन बंद.

मावशीने चष्मा लावून मेसेज वाचला. बँकेचा होता. हा आकडा कुणालाही सांगू नका, असं त्याखाली स्पष्ट लिहिलं होतं. तिने फोन टेबलावर उलटा ठेवला.

"आई, आधी कार्ड बंद कर," बोका म्हणाला. डब्याखेरीज दुसरं काही बोक्याला सुचल्याची ही त्या सुट्टीतली पहिलीच वेळ. पासबुकावर बँकेचा नंबर होता. मावशीने फोन केला, आणि पाच मिनिटांत हरवलेलं कार्ड बंद झालं.

"चला, एक दार लावलं," मावशीने श्वास सोडला. "पण पाकीट कुठेय? आणि हा मेला कोण?"

"मावशी, गंमत बघ," टिटवी म्हणाली. "त्याला तुझं सगळं माहीत आहे. पण पाकीट त्याने बघितलेलंच नाही. म्हणजे त्याने ते कुठेतरी वाचलंय. तुझी जन्मतारीख, पत्ता, परवाना, सगळं एका जागी कुठेतरी लिहिलेलं आहे. आणि तिथे रंग चुकलाय. तू रोज जातेस ती धक्क्यावरच. आम्ही तिथेच शोधतो."

तिघं धक्क्यावर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. पाणी तांब्याच्या परातीसारखं चकाकत होतं. तिकीटखिडकीच्या बाजूला, जिन्याखाली, एक बुटकं दार होतं: 'हरवले-सापडले'. आणि दाराशेजारी काचेमागे फळा.

फळ्यासमोर टिटवी उभीच राहिली. असं अक्षर तिने जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेलांटी वेलीसारखी वळलेली, प्रत्येक रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ. जणू कुणी लिहिलं नव्हतं, गायलं होतं. सापडली, एक छत्री, मूठ पोपटाची. सापडला, एक बूट, डाव्या पायाचा. आणि मधोमध: सापडले, एक तपकिरी पाकीट. खाली मावशीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोन नंबर, परवान्याचा क्रमांक, बँकेचं नाव. एकही मात्रा चुकलेली नाही.

"केवढं सुंदर," गोटी पुटपुटली. मग म्हणाली, "आणि केवढं भयंकर."

"अगं, आई रोज खलाशांच्या फाटकातून येते-जाते," बोका म्हणाला. "तिने हा फळा कधी पाहिलाच नसणार. तिच्याशिवाय सगळ्या गावाने वाचला."

दार ढकलून ती आत गेली, आणि तिघांची बडबड उंबऱ्यावरच राहिली.

खोलीला खिडकी नव्हती. छताला धुक्यात लावायचा जुना नारिंगी दिवा टांगलेला होता, आणि त्याच्या उजेडात सगळं जग मधात बुडवल्यासारखं दिसत होतं. छतापासून छत्र्या वटवाघळांसारख्या लोंबत होत्या. भिंतीतल्या फळ्यांवर टोप्या, चष्मे, एक व्हायोलिन, पेल्यात ठेवलेली कवळी. कोपऱ्यात एक कुबडी. प्रत्येक वस्तूच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, त्याच गाणाऱ्या अक्षरातली.

"कुबडी विसरून माणूस चालत गेला कसा?" टिटवीने कुजबुजत विचारलं. मोठ्याने बोलायचं धाडसच होईना.

"तेच मी सहा वर्षं विचारतोय," टेबलामागून आवाज आला. पांढऱ्या भुवयांचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. धक्क्यावर सगळे त्यांना अक्षरकाका म्हणत. "बरा होऊन गेला असेल, असं मी मनाशी धरलंय. बोला, काय हरवलं?"

"आमच्या आईचं पाकीट," गोटी म्हणाली.

अक्षरकाकांनी कपाटातून पाकीट काढलं. नारिंगी उजेडात ते तपकिरीच दिसत होतं, मातीसारखं. टिटवीने विचारलं, "काका, एक मिनिट दारापर्यंत याल?"

दाराबाहेर, उन्हात, पाकिटाने रंग बदलला. शेवाळी, गर्द हिरवं. अक्षरकाका त्याच्याकडे बघतच राहिले. मग मागे वळून त्यांनी आपल्या दिव्याकडे पाहिलं, मग फळ्यांवरच्या सगळ्या वस्तूंकडे.

"म्हणजे बावीस वर्षं मी…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

टिटवीने त्यांना फोनची सगळी हकीकत सांगितली. काकांचा चेहरा उतरला. "अगं, माझ्याकडे फोन नाही. मालकाला आपली वस्तू ओळखता यावी म्हणून मी सगळं लिहितो. एक अक्षर गाळत नाही. गाळणं म्हणजे कामचुकारपणा, असं मला वाटायचं."

"काका, पाकीट एवढंसं असतं," टिटवीने तळहात पुढे केला. "पण त्यात अख्खी मावशी मावली होती. तिचा वाढदिवस, तिचं घर, तिची लाँच. ती तुम्ही फळ्यावर उलगडून टांगलीत."

"टिटवे, हळू," बोक्याने तिला कोपर मारलं.

"नाही, बोलू दे तिला," काका म्हणाले. त्यांनी आधी फळ्यावरची मावशीची चिठ्ठी काढून टाकली. "पाकीट तुमच्या आईलाच सही घेऊन देईन. तिला बोलवा. पण त्या गोड आवाजाच्या माणसाचं काय करायचं?"

बोका मावशीला आणायला पळाला. गोटी धक्क्यावरच्या हवालदारबाईंना घेऊन आली. बाई धिप्पाड होत्या आणि त्यांना कुणी घाईघाईत सांगितलेलं आवडत नसे, म्हणून टिटवीने सगळं दोनदा, सावकाश सांगितलं. मग आपला बेत सांगितला.

"फळ्यावर खोटी चिठ्ठी?" अक्षरकाका ताठ झाले. "मी आजवर एक ओळ खोटी लिहिलेली नाही."

"मग खरी लिहू," टिटवी म्हणाली. "बाई, तुमचं पाकीट जरा हरवता का?"

हवालदारबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खिशातलं पाकीट काढून बाहेरच्या बाकावर ठेवलं आणि आकाशाकडे बघत चार पावलं पुढे गेल्या. गोटीला ते सापडलं. तिने ते रीतसर आणून दिलं.

"निळं आहे," टिटवी म्हणाली.

"मी माझ्या टेबलावर बसूनच लिहितो," काका म्हणाले. दिव्याखाली निळं पाकीट काळं दिसत होतं. त्यांनी लिहिलं: सापडले, एक काळे पाकीट. खाली बाईंचं नाव आणि फोन नंबर. "जन्मतारीख?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या.

चिठ्ठी काचेमागे लागली. बाई आणि दोघी मुली आतल्या बाजूला, दाराच्या फटीशी थांबल्या. माणसं येत होती, जात होती. कुणी छत्री वाचली, कुणी बूट. मग राखाडी टोपी घातलेला एक माणूस आला. फळ्यासमोर थांबला, मोबाइलने फोटो काढला, आणि खांबाआड गेला.

दोन मिनिटं. तीन. बाईंचा फोन थरथरला.

"ताई, नमस्कार. तुमचं पाकीट सापडलंय. माझ्या हातातच आहे. काळं पाकीट…"

त्याच वेळी धक्क्याला लागणाऱ्या लाँचने भोंगा दिला. तो भोंगा बाहेर घुमला, आणि फोनमध्येही घुमला. दोन्हीकडे एकदमच.

बाई फोन कानाला लावूनच चालत निघाल्या. "हो का? देवासारखे भेटलात हो," त्या म्हणाल्या. शेवटचे शब्द त्यांनी खांबाला वळसा घालून, टोपीवाल्याच्या अगदी समोर उभ्या राहून उच्चारले. टोपीवाल्याने एकदा फोनकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि खाली बाकावर बसला. त्याच्या मोबाइलमध्ये फळ्याचे चाळीस फोटो निघाले.

मावशी बोक्यामागून धापा टाकत पोचली तेव्हा त्याला चौकीत नेत होते. तिने सही केली, पाकीट उघडलं. परवाना जागच्या जागी होता. तिने तो दोन्ही हातांत धरला, तान्ह्या मुलाला धरावं तसा.

"तुमच्या घरच्या या पोरांनी आज माझं काम मला शिकवलं," अक्षरकाका तिला म्हणाले. मग टेबलाशी बसून त्यांनी दौत पुढे ओढली. रात्र पडायच्या आत फळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या उतरल्या आणि एकच नवी लागली, तितक्याच देखण्या अक्षरात: 'पाकिटे, छत्र्या व इतर वस्तू सापडल्या आहेत. आपली कशी होती, ते आत येऊन सांगावे.'

सकाळी पावणेसातला खाडीवर धुकं होतं. दुमजली लाँच त्यात अर्धी बुडाली होती. तपासनीस जिना चढून वर आला. माणूस लहानसा, आवाज मात्र मोठा. त्याने परवाना हातात घेतला आणि सगळ्या उतारूंसमोर खड्या सुरात वाचायला लागला, "नाव… जन्मतारीख…"

"साहेब," मावशी म्हणाली, "मनातल्या मनात वाचा."

तपासनीस थबकला. खालच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. साहेबाने घसा खाकरला, ओठ मिटून शेवटपर्यंत वाचलं, आणि परवाना परत केला. "बरोबर बोललात," तो म्हणाला. "हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं."

"आमच्याकडे तीन मास्तर आहेत," मावशीने टोकाशी बसलेल्या तिघांकडे बोट दाखवलं. "कालपासून शिकवणी सुरू आहे."

हवालदारबाईंनी धक्क्यावरून त्या तिघांना कडक सलाम ठोकला. बोका इतका गडबडला की त्याने डबा हातात घेऊनच उलट सलाम केला.

मग मावशीने चाकावर हात ठेवले. दोर सुटले. पायाखालच्या फळ्या गुरगुरल्या, आणि एवढी मोठी लाँच, दोन मजले, दीडशे माणसं, सगळी मावशीच्या दोन मनगटांच्या इशाऱ्यावर, धुक्यातून हलकेच पुढे सरकली. पाणी उडालं. टिटवी चिंब झाली. विचारायचे प्रश्न पुष्कळ होते, पण ती तोंड उघडं टाकून नुसती बघत राहिली.