रद्द केलं तरी…

चाकणच्या कारखान्याच्या गेटवर, शिफ्ट सुटायच्या गर्दीत, योगिनीनं गेटपासच्या नव्या मशीनवर दोन बटणं एकदम दाबली… आणि मशीन बंद पडलं.

"अहो मॅडम! माझ्या यादीतल्या दीडशे चाचण्या पास झाल्यात त्याच्या."

"यादीतला माणूस नीट वागतो," ती न वळताच म्हणाली. "मी चुका करून बघते."

तो जयदीप. प्रोग्रॅम त्यानंच लिहिलेला. आणि तिला ताथवड्याच्या ऑफिसातून तीन आठवड्यांसाठी पाठवलेलं – यादी बाजूला ठेवून, मनाला येईल तसं मशीन वापरायला. कधी ओल्या बोटांनी, कधी हातमोजे घालून ती रोज नवी चूक करायची. तो दोन चहा आणायचा आणि दुरुस्तीला बसायचा.

"आज काय मोडणार?"

"तुमचा तोरा."

"तो सोमवारीच मोडलात!"

कँटीनच्या मंजुळाबाई पास दाखवता दाखवता हसल्या. "मशीन तपासताय व्हय? का एकमेकास्नी?"

योगिनीचे कान तापले. जयदीप उगाच वायर चाचपू लागला.

मग शेवटचा शुक्रवार आला. कंपनीनं कळवलं होतं, यापुढे चाचण्या फक्त यादीप्रमाणे. तिचं कंत्राटही आजच संपत होतं. आज बोललं नाही, तर…

एक गोष्ट तपासायची राहिली होती – लग्नानंतर नाव बदलणं. स्वतःच्या पासच्या मधल्या रकान्यातलं वडिलांचं 'दौलत' तिनं पुसलं. इकडंतिकडं पाहून 'जयदीप' लिहिलं. योगिनी जयदीप… क्षणभर ती नुसती बघत राहिली. मग घाबरून तिनं 'रद्द' दाबलं.

नाव गेलं नाही. पक्कं झालं.

दोष लपवणं तिला जमणारं नव्हतं. तिनं वहीत लिहिलं, 'रद्द केलं तरी नोंद राहते.'

जयदीपनं वही वाचली. मग मशीनचा पडदा. हातातला चहा त्यानं खाली ठेवला.

"योगिनी…" आज पहिल्यांदाच मॅडम नाही. "हे… नुसतं तपासायला लिहिलंस?"

तीन आठवडे ती बिनधास्त चुकत आली होती. एवढी एक चूक मात्र तिच्यानं होईना.

"हो. दुसरं काय असणार?"

"हां… तेच म्हटलं."

अर्ध्या तासात त्यानं दुरुस्ती केली, 'दौलत' पुन्हा जागेवर आणलं. "बघ आता."

तपासायचं तर तेच नाव पुन्हा लिहावं लागणार होतं. तो शेजारीच उभा. तिनं एकेक अक्षर सावकाश दाबलं. नाव पुरं झालं. तो काही बोलेल म्हणून ती थांबली. ती काही बोलेल म्हणून बहुधा तोही…

मागची रांग कुरकुरू लागली.

तिनं 'रद्द' दाबलं. 'दौलत' परत आलं.

वहीतल्या त्या ओळीपुढं तिनं लिहिलं, 'पास. आता काही राहत नाही.'