खोलीतलं खोलीतच

फळ्यावरचा लाकडी कंपास आणायला ती अडगळीच्या खोलीत शिरली, तर पोरांच्या बुटक्या स्टुलावर एक तरुण माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसला होता आणि स्टूल डुगडुगतंय का ते बघत होता. सुतारकाम नंतर करा, आधी मला कंपास द्या, असं तिने गणिताच्या तासाच्या आवाजात सुनावलं. त्याने निमूट कंपास शोधला, धूळ स्वतःच्या बाहीला पुसली आणि हातात दिला.

"सुतार नाही मी," तो म्हणाला. "समुपदेशक. मुलांचं ऐकायला आलोय... मोठ्यांचंही ऐकतो."

तिचे कान तापले. त्या दिवसापासून तिचा कंपास वारंवार हरवू लागला.

बुधवारी आणि शुक्रवारी तो यायचा आणि त्याच अडगळीच्या खोलीत बसायचा. शुक्रवारी शाळा सुटली की सगळ्या शिक्षकांना गोल बसवायचा. ज्याने त्याने आठवड्यात आपलं काय चुकलं तेवढं सांगायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. सल्ला नाही, सांत्वन नाही, उत्तर नाही. हात दाखवून अवलक्षण, असं म्हणत सुरुवातीला सगळ्यांनी नाकं मुरडली, पण मोठ्या बाई स्वतःच येऊन बसल्यावर बोलणार कोण?

सगळं छान चाललं होतं, तोवर चित्रकलेच्या बाई मध्ये आल्या. सगळे त्यांना रंगबाई म्हणत. अंबाड्यात ब्रश खोचलेला, चालण्यात लय... आणि दर बुधवारी मधल्या सुट्टीत त्या त्याच्या खोलीत. दार बंद! स्टाफरूमच्या खिडकीतून ती त्या दाराकडे बघत बसायची आणि चहा गार व्हायचा. रंगबाई कधी हसत बाहेर यायच्या, कधी डोळे पुसत. हिच्या पोटात दोन्ही वेळा सारखंच दुखायचं.

शेवटी तिने त्याला जिन्यात गाठलं. "रंगबाईंचं एवढं काय चालतं आत?"

"खोलीतलं खोलीतच राहतं, मॅडम," तो म्हणाला. वर हसला. त्या हसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या बुधवारी पुन्हा दार लागलं आणि तिला राहवेना. विद्यार्थी आला की मोठ्यांनी उठायचं, हा त्या खोलीचा नियम तिला ठाऊक होता. तिने वर्गातल्या चिमणीला बोलावलं. दिवसभर चिवचिवते म्हणून ते नाव पडलेली, वर्गातली सगळ्यात हसरी मुलगी. सरांकडे जा, अभ्यासात मन लागत नाही म्हणून सांग, असं तिने फर्मावलं. माझं तर लागतं, असं चिमणी म्हणाली. तरी जा, ही म्हणाली.

चिमणी आत, रंगबाई बाहेर. हिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण चिमणी लवकर बाहेर येईना. अख्खा तास गेला. आली तेव्हा चेहरा रडून सुजला होता. ती सरळ हिच्यापाशी आली.

"बाई, कुणालाच कळलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला कसं कळलं?"

आपण मुलीकडे कधी नीट बघितलंच नाही, फक्त दाराकडे बघत राहिलो, याची हिला भयंकर लाज वाटली.

शुक्रवारी तिची पाळी आली. खोटं काहीतरी सांगता आलं असतं. शिक्षकाची अब्रू ती केवढी, आणि तोही समोरच बसलेला. आता हा आपलं तोंडही बघणार नाही, असं तिला वाटलं. तरी ती बोलली.

"मी एका मुलीला सरांकडे पाठवलं. काळजीने नाही. मला ते दार उघडायला हवं होतं. आत दुसरं कुणी बसलेलं... मला सहन होत नव्हतं."

नियमाप्रमाणे सगळे गप्प. मोठ्या बाई छताकडे बघू लागल्या. मग त्याची पाळी.

"मला एका मॅडमनी विचारलं, आत काय चालतं. मी नियम सांगितला. नियम खरा होता, पण त्यांचा राग बघून मला गोड वाटलं, आणि मी मुद्दाम तेवढ्यावरच थांबलो. पुढचंही सांगायला हवं होतं... की मला त्या आवडतात."

आणि हिला उत्तर देता येईना! नियम म्हणजे नियम. त्यात खेळाचे सर आपल्या शिट्टीवर बोलायला लागले ते थांबेनातच. ती पदर पिळत बसली.

सगळे पांगले तेव्हा बाहेर भुरभुर लागली होती. तो पायरीवर थांबला होता.

सोमवारी चिमणीला आधी खरं सांगणार, असं तिने त्याला बजावलं: मला काही कळलं नव्हतं, पण आता लक्ष ठेवीन. त्याने मान हलवली.

"रंगबाई अजून येणार?" तिने विचारलं.

"ते सांगता येत नाही."

"मग मी जळणार. आत्ताच सांगून ठेवते."

"जळा की. दर शुक्रवारी गोलात सांगत जा."

"तिथे नाही सांगणार," ती त्याच्या छत्रीखाली शिरत म्हणाली. "मला उत्तर लागतं."