तीन किलोत उंबरदरा

घाटाच्या पायथ्याशी गाडीच्या पडद्यावर आकडा होता चाळीस. म्हणजे अजून चाळीस किलोमीटर जाता येईल एवढं इंधन शिल्लक. उंबरदरा तिथून जेमतेम नऊ किलोमीटर. तरीही गाडी अर्ध्या चढावर थांबली ती थांबलीच. शाल्मलीची आई, डॉक्टर वैजयंती, औषधांची पेटी खांद्याला अडकवून पावसात चालत वर गेली. ठकूबाईंची गाय अडली होती. आई पोहोचल्यावर गाय वाचली, पण वासरू तोवर गेलेलं होतं.

ही भाद्रपदातली गोष्ट. त्यानंतर कितीतरी दिवस आई जेवताना फारशी बोलत नसे. शाल्मलीला मात्र एकच प्रश्न छळत होता. चाळीस किलोमीटरचं इंधन असताना नऊ किलोमीटर का नाही जाता आलं? पडदा खोटं बोलतो का?

आईची गाडी म्हणजे फिरता पशुदवाखाना. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर ती महिन्यातून एकदा फेरी मारायची. ही गाडी पेट्रोलवर नव्हे, हायड्रोजन वायूवर चालायची. तिच्या पोटात इंधनघट (हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आणून वीज तयार करणारी पेटी) होता. त्या विजेवर चाकं फिरायची, आणि मागून धुराऐवजी पाण्याची वाफ निघायची. टाकी भरली की तीन किलो हायड्रोजन मावायचा. पंप एकच, संगमनेरला. एकदा टाकी भरून निघालं की सगळ्या वाड्या करून पुन्हा तिथंच यायचं. त्या फेरीचं अंतर होतं दोनशे तीस किलोमीटर. भाद्रपदात आईनं ती पहिल्यांदाच एका टाकीत पुरी करायला घेतली होती.

"कंपनी म्हणते, एका किलोत एकशे दहा किलोमीटर," शाल्मली आजोबांना म्हणाली. "तीन किलोत तीनशे तीस. मग दोनशे तीसची फेरी सहज व्हायला हवी ना?"

आजोबा राजूरच्या घरात ओसरीवर बसून पेरू खात होते. निवृत्त होण्यापूर्वी ते गाड्यांची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते.

"हा आकडा कुणी काढला, ते विचार," आजोबा म्हणाले आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "तो तिथं उभा आहे."

कोपऱ्यात मापाडी उभा होता. मापाडी म्हणजे आजोबांच्या प्रयोगशाळेतला जुना यंत्रमानव. प्रयोगशाळेत नवी यंत्रं आली तेव्हा आजोबा त्याला घरी घेऊन आले. त्याचं काम एकच असे, तपासणीला आलेली गाडी चालवायची आणि तिनं किती इंधन खाल्लं ते मोजायचं. म्हणून त्याचं नाव मापाडी.

"आकडा अचूक आहे," मापाडी म्हणाला. "मी स्वतः ती गाडी चालवली आहे. एका किलोत एकशे दहा. गाडी कमी जात असेल तर गाडी नादुरुस्त असावी किंवा चालक सदोष असावा."

नेमकी त्याच वेळी आई आत येत होती. "सदोष? मी?" तिनं चप्पल जरा जोरातच काढली. "बाबा, तुमच्या या डब्याला सांगा, एकदा माझ्याबरोबर घाटात चल म्हणावं."

"मापाडी," शाल्मलीनं विचारलं, "तू ती गाडी कुठल्या रस्त्यावर चालवलीस?"

"रस्त्यावर नाही. रोलरवर."

मग आजोबांनी समजावून सांगितलं. प्रयोगशाळेत गाडीची चाकं मोठ्या लोखंडी रोलरवर ठेवतात. चाकं फिरतात, रोलर फिरतो, पण गाडी जागची हलत नाही. रोलरचा अडथळा ठरवून दिलेला असतो. खोलीचं तापमान ठरलेलं, वेगही ठरलेला. असं केल्यानं दोन गाड्यांची तुलना नीट करता येते.

"म्हणजे आकडा खोटा नाही," शाल्मली सावकाश म्हणाली. "पण तो त्या खोलीतला आहे. आणि गाडीचा पडदा शिल्लक हायड्रोजनला त्याच आकड्यानं गुणतो!"

"बरोबर. तुमच्या उंबरदऱ्याचा चढ त्या पडद्याला ठाऊकच नाही."

"मग आपला आकडा कसा काढायचा?"

"अगदी सोपं आहे. टाकी काठोकाठ भरायची, नेहमीसारखी गाडी चालवायची आणि पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जितका हायड्रोजन मावला तितकाच वापरला गेला. अंतराला त्यानं भागायचं."

पुढच्या खेपेला आईनं तसं केलं. उंबरदऱ्याला जाण्याचं तिनं टाळलं, राजूर-संगमनेर रस्त्यालगतच्या वाड्या तेवढ्या जाऊन-येऊन केल्या. भागाकार करून आलेला आकडा पाहून शाल्मलीचा चेहरा उतरला. पासष्ट. तीन किलोत दोनशे किलोमीटरसुद्धा नाहीत. आणि महिन्याभरात गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगावरच्या लसी घेऊन उंबरदऱ्यासकट सगळी फेरी करायची होती. त्या लसी थंड ठेवणारा फ्रिजही गाडीच्याच विजेवर चालायचा, त्यामुळे तो बंद करण्याचा प्रश्नच नव्हता.

"उरलेला हायड्रोजन जातो तरी कुठं?" शाल्मलीनं विचारलं.

"चला, बघू या," आजोबा म्हणाले. "मापाडी, तूही चल."

मापाडीनं जन्मात पहिल्यांदा रस्ता पाहिला. गाडी गावाबाहेर पडली आणि तो खिडकीला डोकं लावून बसला. समोरून शेळ्या आल्या, आईनं करकचून ब्रेक मारला.

"हे चाचणीत नव्हतं," मापाडी म्हणाला.

मोकळा सपाट रस्ता लागल्यावर आजोबांनी त्याला एक काम दिलं. त्याच्या पंजाला दाब कळायचा. तो पंजा खिडकीबाहेर ताठ उभा धरायचा आणि हवा किती जोरानं ढकलते ते सांगायचं.

"ताशी चाळीसच्या वेगाला दाब एक पट धरू," मापाडी म्हणाला. आईनं वेग वाढवला. "आता ऐंशी. दाब... चार पट."

"वेग दुप्पट, मग दाब दुप्पट का नाही?" शाल्मलीनं विचारलं.

"विचार कर," आजोबा म्हणाले. "वेग दुप्पट झाला की एका सेकंदात दुप्पट हवा अंगावर येते. शिवाय ती हवा दुप्पट जोरानंही आदळते."

"दोन गुणिले दोन!"

"शाबास. याला हवेचा रोध (हवेनं पुढं जाणाऱ्या वस्तूला केलेला विरोध) म्हणतात. आता जरा टपावर काय आहे ते आठव."

टपावर कुत्र्यांसाठीचे दोन रिकामे पिंजरे बांधलेले होते. सहा महिन्यांत ते कुणी वापरले नव्हते. मापाडीच्या एवढ्याशा पंजाला हवा इतकी ढकलते, तर त्या पिंजऱ्यांना किती ढकलत असेल!

घरी येताच शाल्मलीनं आईच्या मदतीनं पिंजरे उतरवले. दुसऱ्या दिवशी आई कामाला संगमनेरला निघाली तेव्हा शाल्मली मागं लागून बरोबर गेली. निघताना आणि पोहोचल्यावर तिनं टाकीचा काटा पाहिला, हिशेब केला आणि तिथूनच आजोबांना फोन लावला. "आजोबा, एकशे पाच! नुसते पिंजरे काढले आणि एकशे पाच!"

"वा. आता परत येतानाचाही आकडा घे."

परत येतानाचा आकडा निघाला चोपन्न. शाल्मली रडवेली झाली. आजोबांनी तिला जवळ बसवलं.

"राजूरहून संगमनेरला जाताना रस्ता एकंदरीत उतरत जातो. उतारावर गाडीला फारसं काही खर्चावं लागत नाही. येताना तोच उतार चढ होतो. म्हणून जाणं आणि येणं, दोन्ही मिळून मोजायचं. मिळून किती आले?"

शाल्मलीनं गणित केलं. "एकाहत्तरच्या आसपास."

"म्हणजे पासष्टचे एकाहत्तर झाले. हे खरे पिंजऱ्यांचे. थोडेच आहेत, पण आपले आहेत."

मग आजोबांनी तिला एक पथ्य घालून दिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कुठल्या गोष्टीमुळे फरक पडला ते कळत नाही. त्या आठवड्यात तिनं टायरची हवा तपासली. चारही टायर मऊ होते. सायकलच्या टायरमध्ये हवा कमी असली की पाय भरून येतात, तसंच गाडीचंही होतं. मऊ टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्या दबण्याफुगण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. टायरांत कंपनीनं सांगितली होती तितकी हवा भरली. आकडा आणखी दोननं वाढला.

आता राहिली आईची चालवण्याची पद्धत. हे सांगायला शाल्मली कचरत होती. ते शेवटी मापाडीनंच काढलं.

"डॉक्टर, मी तुमच्याविषयी चुकीचं बोललो होतो," तो म्हणाला. "त्या शेळ्या माझ्या चाचणीत नव्हत्या. पण एक विचारू? शेळ्या दिसल्यानंतरही तुमचा पाय काही क्षण गती वाढवतच होता. का?"

आई म्हणाली, "कुणाचं तरी जनावर तडफडत असतं रे. पाय आपोआप दाबला जातो. त्या दिवशीही मी अशीच सुसाट निघाले होते."

शाल्मलीनं आईचा हात धरला. आजोबा हळू आवाजात बोलू लागले. "वैजू, धावणाऱ्या गाडीत गतिज ऊर्जा (वेगामुळे वस्तूत साठलेली ऊर्जा) असते. ती आपण हायड्रोजन खर्चून कमावलेली असते. ब्रेक मारला की तिच्यातली थोडी वीज होऊन बॅटरीत परत येते, पण सगळी नाही. करकचून मारला तर बरीचशी ब्रेक तापवण्यातच जाते. अडथळा लांबूनच दिसला आणि पाय आधीच उचलला, तर त्या ऊर्जेवर गाडी आपसूक पुढं जाते. यात पोहोचायला फार उशीर होत नाही. करून बघ."

शाल्मली आईच्या शेजारी बसून लांबवर नजर ठेवू लागली. "आई, पुढं बैलगाडी." आई पाय उचलायची. "आई, वळण." गाडी अलगद मंदावायची. सपाट रस्त्यावर आई साठच्या वर जाईनाशी झाली. पहिल्या दिवशी तिला अवघडल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी ती गाडी चालवता चालवता गुणगुणत होती, आणि शाल्मलीनं ते कितीतरी दिवसांनी ऐकलं. पुन्हा टाकी भरून हिशेब केला. चौऱ्याऐंशी. तीन किलोत दोनशे बावन्न किलोमीटर.

मार्गशीर्षात, रविवारी पहाटे लसी घेऊन फेरी निघाली. आई, शाल्मली, आणि मागच्या बाकावर पट्टा लावून मापाडी. एकेक वाडी होत गेली. दुपारी गाडी उंबरदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याशी आली, आणि आईनं ती बाजूला घेतली.

"किलोभर राहिलाय," ती म्हणाली. "शालू, मागच्या वेळी इथूनच..."

"आई, पडद्याकडे बघू नको. आपला हिशेब करू या," शाल्मली म्हणाली. "चढाचा भाव वेगळा धरायचा. संगमनेरहून येतानाच्या हलक्या चढाला चोपन्न मिळाले होते. हा घाट खडा, म्हणून इथं किलोला तीसच किलोमीटर मिळतात असं समजू. नऊ किलोमीटरला साधारण किलोचा एक तृतीयांश लागेल. परतताना हाच घाट उतार, तिथं खर्च जवळजवळ नाहीच. पुढं संगमनेरपर्यंत चाळीस किलोमीटर, त्याला अर्धा किलो. तरीही थोडा उरतो."

"मापाडी, तुझं काय म्हणणं?" आईनं विचारलं.

"माझ्या चाचणीत हा घाट नव्हता," मापाडी म्हणाला. "शालूताईंच्या चाचणीत चढ होता. मी त्यांचा आकडा घेईन."

आईनं गाडी सुरू केली. वळणावळणांनी, एका लयीत, कुठंही न दामटता गाडी चढत राहिली. जिथं ती मागं बंद पडली होती ते वळण आलं. वळण मागं पडलं. वर पोहोचल्यावर शाल्मलीनं काटा पाहिला. अंदाजापेक्षा किंचित कमीच खर्च झाला होता.

ठकूबाई गाय धरून उभ्याच होत्या. "आल्या का डाक्तरीणबाई? आज गाडीसकट!" त्या हसत म्हणाल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग पहिली लस तिलाच टोचली. सूर्य कलायच्या आत वाडीतल्या सगळ्या जनावरांना लस टोचून झाली.

"अशा आकड्यांचा नकाशा करता येईल का गं?" आई हात धुताना म्हणाली. "कुठल्या घाटाला किती लागतं, कुठल्या रस्त्याला किती. आपल्यासारख्या फिरत्या दवाखान्यांच्या सगळ्या गाड्यांनी आपापले खरे आकडे घातले, तर कुणीच मध्ये अडकणार नाही."

"करू या की. मापाडी आकडे जमवील," शाल्मली म्हणाली. "जमवशील ना?"

"आनंदाने," मापाडी म्हणाला. "मला अजून पुष्कळ रस्ते बघायचे आहेत."

आईनं डबे आवरले. फ्रिजमध्ये अजून लसी होत्या. तिनं ठकूबाईंना विचारलं, "या खिंडीपलीकडं कोण राहतं हो?"

"पलीकडं पिंपळपाडा. तीन किलोमीटर असंल. चार-पाच घरं, गुरं बख्खळ. तिकडं डाक्तर कधी गेलाच न्हाई."

आईनं शाल्मलीकडे पाहिलं. शाल्मलीनं काटा पाहिला, मनात जाण्याचा चढ आणि येण्याचा उतार मांडला, पंपापर्यंतचं अंतर त्यात मिळवलं, आणि पुन्हा एकदा तपासून घेतलं.

"जमतं, आई. जाऊन येऊनही पुरतं."

खिंडीत ऊन अजून होतं. गाडी हळूच वळली आणि पिंपळपाड्याच्या कच्च्या वाटेला लागली.