गाईडचं माप

सेनगावात माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. दोन वर्षांपूर्वी सरकत्या टेबलाची करवत मशीन घेतली. त्या टेबलावर पुढे एक आणि मागे एक असे फळी टेकवायचे दोन गाईड असतात. पात्यापासून दोन्हींचं अंतर एकच हवं, नाहीतर फळीऐवजी पाचर निघते. चार दिवस मी त्यांच्याशी झटलो, पण केसभर फरक काही जाईना. शेवटी दोन्ही सोळा इंचांवर कसेबसे आवळले आणि स्वतःवरच चिडून घरी गेलो.

सकाळी शटर उघडलं तर गाईड चौदावर होते, बोल्ट आवळलेले. मोजून पाहिलं, दोन्हीकडे तंतोतंत. इतकं चोख काम माझ्या हातून कधी झालेलं नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कुलूप शाबूत होतं आणि किल्ली माझ्याच खिशात.

दिवसभर मी माझ्या मापाला ते सरकवायचो. सकाळी पुन्हा त्यांचंच माप असायचं, कालच्यापेक्षा किंचित जास्त. आठवड्याला तीन सूत, कधी चार, म्हणजे फार तर अर्धा इंच. गंडेदोरे, अंगारे आमच्या घरात चालत नाहीत. मी बोल्ट बदलले, वॉशर बदलले, आणि रोजचं माप भिंतीवर पेन्सिलीनं लिहू लागलो.

जेवताना हे सगळं आईला, रुक्माबाईला सांगितलं. तिनं माझ्या बायकोकडे पाहिलं. पल्लवीला तेव्हा सातवा महिना होता.

"पोटातलं लेकरू बी असंच वाढून राहिलं," आई म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

दीड महिन्यानं माप साडेसोळावर थांबलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं, पण आईचं ते बोलणं आठवलं. मशीन तशीच टाकून मी घरी आलो. पल्लवी भाजी निवडत होती.

"लेकरू हलून राहिलं का?"

तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "कालपासून न्हाई वाटत," ती म्हणाली.

जीप करून हिंगोलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. मुलगी झाली, जगली. आणखी एक दिवस थांबला असता तर लेकरू हाती लागलं नसतं, असं बाई म्हणाल्या. नर्सनं कागदावर लांबी लिहिली. साडेसोळा इंच.

मी तिथेच भिंतीला टेकून रडलो.

तीन आठवड्यांनी वर्कशॉप उघडलं तेव्हा गाईड अठरावर होते. घरी येऊन मी बाळाला मोजलं. अठरा.

तिचं नाव आम्ही सेवा ठेवलं. ती आता दीड वर्षाची आहे, घरभर चालते. रोज सकाळी शटर उघडण्याआधी मी चप्पल काढतो. कुणासाठी, ते मला माहीत नाही.

गाईड ज्या मापाच्या पट्टीवर सरकतात, तिच्यावर शेवटचा आकडा बत्तीस आहे. पुढे लोखंडी टोपी बसवलेली आहे, गाईड त्यापलीकडे जात नाहीत.

परवा सेवा साडेएकतीस भरली.

काल मी नांदेडहून साठ इंची पट्टी आणून बसवली. सगळे बोल्ट अंगातली सगळी ताकद लावून आवळले.

आज सकाळी शटर उघडलं. नवी पट्टी भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती, पुसून. मशीनवर जुनीच होती, आणि गाईड साडेएकतीसवर, दोन्हीकडे तंतोतंत.