भरलेली घागर

"घागर पुढं सरकवा की, बाई. पाळी तुमची आहे!"

मी घागर सरकवली, पण बोलले नाही. टँकरच्या रांगेत माझ्या मागं उभा असलेला तो उंच, सावळा माणूस गालात हसला.

"राग आला? अँग्री?"

मी मान हलवली.

"मग शाय? लाजाळू?"

मी डोळे वटारले.

"हां… अनॉइड! वैतागलेल्या!"

पुढून नागुआत्या ओरडली, "मास्तर, तिचा नेम हाय. रोजचं ताजं पाणी भरून लिंगपूजा झाल्याबिगर ती तोंड उघडत न्हाई. नका पोरीचा जीव खाऊ!"

ते मन्मथ. उदगीरचे, आमच्या गल्लीत इंग्रजीची शिकवणी घेणारे. आणि मी महानंदा, शिरूर अनंतपाळची, लातुरात नागुआत्याकडं राहायला आलेली. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, साहेबांच्या लेकरांसाठी इंग्रजी शाळासुद्धा नवी… नळ तेवढे कोरडे. त्या शाळेत बालवर्गाला बाई हव्या होत्या. मुलाखतीत इंग्रजीतून गोष्ट सांगायची होती. जमलं तर लातूर. नाही तर माझे अप्पा बिदरच्या एका व्यापाऱ्याच्या स्थळाला होकार कळवणार होते.

माझं इंग्रजी म्हणजे गुड, बॅड आणि व्हेरी गुड. आत्यानं ते मास्तरांना सांगून टाकलं. मग रांग हीच माझी शाळा झाली.

मी मुकी, ते बोलके. माझ्या चेहऱ्यावर काय चाललंय ते ओळखायचं आणि त्याला शब्द द्यायचा, हा त्यांचा खेळ. टँकर दिसला की "होपफुल!" पाणी सांडलं की "ग्लूमी!" पूजा आटोपून मी परत आले की ते शब्द माझ्याकडून वदवून घेत.

"नुसतं स्काय नको, मौनीबाई. कसलं स्काय?"

"थर्स्टी," मी म्हणायची. तहानलेलं.

एकदा टँकर उशिरा आला. मी सारखी रस्त्याकडं बघत होते… टँकरच्या नव्हे, त्यांच्या वाटेकडं. ते आले, माझ्याकडं बघतच राहिले आणि हळूच म्हणाले, "लाँगिंग… म्हणजे ओढ."

त्या दिवशी मी नकाराची मान हलवलीच नाही.

मुलाखतीच्या सकाळी टँकर आला नाही.

आत्या कासावीस. "महानंदे, आजच्या दिवस रांजणातल्या शिळ्या पाण्यानं कर गं. देव काय रागावतोय का?"

मी नकारार्थी मान हलवली. डोळे मात्र भरून आले. नेम मोडायचा नव्हता आणि बिदरलाही जायचं नव्हतं.

तेवढ्यात सायकलची घंटा वाजली. घामानं निथळत मन्मथ दारात उभे. हँडलला फडक्यानं तोंड बांधलेला तांब्या.

"हरंगुळच्या मळ्यातलं… आत्ताच विहिरीतून शेंदलंय," ते धापा टाकत म्हणाले. "घाई करा."

डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतलं. पाणी, भस्म, बेलाचं पान… मन इतकं शांत कधी झालं नव्हतं. बाहेर येऊन त्या दिवसाचा पहिला शब्द बोलले, "ग्रेटफुल."

ते चक्क लाजले!

शाळेत तीन साहेब बसले होते. एक जण म्हणाले, "लहान मुलांना दुष्काळ सांगा, पण रडवू नका."

मी सांगितलं. थर्स्टी आभाळ, अडून बसलेला स्टबर्न टँकर, ग्लूमी बादली आणि तिला धीर देणारी होपफुल घागर. घागरीचा आवाज काढला तेव्हा साहेब खुदकन हसले. नेमणूक तिथंच झाली!

दुसऱ्या दिवशी रांगेत मन्मथ मागं येऊन उभे राहिले. आज ते अडखळत होते.

"आता शिकवायला काही उरलं नाही… म्हणून विचारतो. शिरूरला येऊन तुमच्या अप्पांना भेटू का? माझ्यासाठी… मागणी घालायला?"

मी पदर नीट केला.

"अँग्री?"

मी मान हलवली.

"डाउटफुल? शंका वाटते?"

पुन्हा मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला.

"बरं… पूजा होऊ द्या. मी थांबतो."

आत्याला हसू आवरेना. "अहो मास्तर, वरच्या गल्लीत पहाटेच टँकर आला. पूजा कवाच झाली तिची! घागर बघा की!"

त्यांनी वाकून पाहिलं. घागर काठोकाठ भरलेली.

"मग… रांगेत कशाला उभ्या राहिलात?"

मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"लाँगिंग," मी म्हणाले. "शिरूरची गाडी नऊला हाय, मास्तर. चुकवू नका."